चव्वेचाळीस मिनिटांची वीट

गाणं किती लांब असावं याबद्दल आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत एकमत झालेलं नाही. आजोबांच्या मते, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या येण्याच्या आत जे संपतं ते गाणंच नव्हे. विलंबित ख्याल तासभर चालला की ते समाधानानं म्हणायचे, "आत्ता कुठे आवाज तापतोय." वडील भावगीतवाले. त्यांचं गाणं तीन मिनिटांत आटोपायचं. विरह, चांदणं, आठवण आणि शेवटचा आलाप धरून. माझ्या मुलीचं गाणं पंधरा सेकंदांचं असतं आणि त्यातही पाच सेकंद कुणीतरी मांजर नाचवत असतं.

मी स्वतः बँकेत क्लार्क. वेळ ही किती लवचिक चीज आहे, हे काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याइतकं कुणालाच कळत नाही. पासबुक छापून घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाची दहा मिनिटं आणि आमच्या जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं, ही दोन्ही एकाच घड्याळानं मोजलेली आहेत यावर कुठलाही ग्राहक विश्वास ठेवणार नाही.

म्हणून आमचे हेड कॅशियर जेव्हा म्हणाले, "अरे, इंग्लिश लोकांनी चव्वेचाळीस मिनिटांचं एकच गाणं केलंय," तेव्हा मी काही दचकलो नाही. म्हटलं, "साहेब, आमच्याकडे तेवढ्या वेळात तंबोरे जुळतात."

हे हेड कॅशियर वांद्र्याचे. बायकोशी कोकणी, आमच्याशी मराठी आणि कर्ज बुडवणाऱ्यांशी इंग्रजी बोलायचे. निवृत्त झाल्यावर ते लहान जागेत राहायला गेले. जागा लहान आणि तबकड्या मोठ्या, असा पेच पडल्यावर त्यांनी आपला संग्रह आम्हा सहकाऱ्यांत वाटून टाकला. ज्याला त्याला स्वभाव बघून. लोन सेक्शनमधल्या एकाला त्यांनी नुसती शोकगीतं दिली. माझ्या हातात एक जाडजूड पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "तू विनोदी लिहितोस ना? मग ही तुझी. सत्तरच्या दशकात माझ्या भावानं बोटीवरून आणलेली आहे. गाणं नंतर ऐक, आधी कव्हर वाच."

कव्हर वाच! तबकडीचं कव्हर बघायचं असतं. फार तर मागच्या बाजूला तबलजीचं नाव बारीक अक्षरांत का होईना छापलंय का, तेवढं तपासायचं असतं. पण हे खरंच वाचायचं प्रकरण निघालं. कव्हर म्हणजे चक्क वर्तमानपत्र. उलगडलं की बारा पानी. 'सेंट क्लीव्ह क्रॉनिकल अँड लिनवेल ॲडव्हर्टायझर' असं भारदस्त नाव, खाली स्थानिक बातम्या, जाहिराती, शब्दकोडं, ठिपके जोडून चित्र पूर्ण करायचं सदर. आणि आतल्या पानावर याच तबकडीचं परीक्षणसुद्धा! म्हणजे माल आमचा, दुकान आमचं आणि गिऱ्हाईकाचा अभिप्रायही आमचाच. असं गाव नाही, असं वर्तमानपत्र नाही. सगळी थाप.

तबकडीचं नाव 'थिक ॲज अ ब्रिक'. साल १९७२. वाद्यवृंदाचं नाव 'जेथ्रो टल'.

आता जेथ्रो टल हा त्या वृंदातला कुणी गायकबियक नव्हे. तो अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. पेरणीच्या यंत्रासाठी त्याचं नाव इंग्लंडच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्यानं ते १७०१ साली केलं. त्या साली आपल्याकडचा शेतकरी पाभरीमागे चालत, चाड्यात मूठ सोडत, पिढ्यान्‌पिढ्या पेरत आलेला होता. पण त्यानं पुस्तक लिहिलं नाही, टलनं लिहिलं. तरी एक गोष्ट मला या टलची आवडली. बी सोडण्याच्या यंत्रणेची कल्पना आपल्याला ऑर्गन या वाद्याच्या रचनेवरून सुचली, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. शेतकऱ्यानं वाद्यावरून औत केलं आणि अडीचशे वर्षांनी वाजवणाऱ्यांनी त्या शेतकऱ्याचं नाव घेतलं. हिशेब चुकता.

पण नाव काही भक्तिभावानं घेतलेलं नव्हतं. ही पोरं सुरुवातीला इतकं बेताचं वाजवायची, की एकदा वाजवलेल्या क्लबात पुन्हा कुणी बोलवत नसे. मग दर खेपेला नवं नाव लावून जायचं. त्यांच्या एजंटाच्या कचेरीत इतिहासाची आवड असलेला एक जण होता. त्यानं हे नाव सुचवलं. १९६८ साली लंडनच्या मार्की क्लबात याच नावानं गेले असताना 'पुन्हा या' असं आमंत्रण मिळालं आणि नाव कायमचं चिकटलं. नाव बदलून नवीन खातं उघडणारे आम्ही बँकेत खूप बघतो, पण त्यांचा हेतू सहसा संगीताचा नसतो.

या मंडळींचा म्होरक्या इयन अँडरसन. एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. आधी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, पण एरिक क्लॅप्टनच्या पुढे आपला टिकाव लागणार नाही हे ओळखून त्यानं गिटार देऊन टाकली आणि बासरी घेतली. स्वतःच शिकला, फुंकता फुंकता मध्येच तोंडानं गुणगुणायची खोड लावून घेतली. बासरी आणि वीट या दोन गोष्टी एकत्र आल्या की आपलं मराठी मन भलतीकडे धावतं. एका पायाला अढी घालून बासरी वाजवणारा आपल्याला ठाऊक आहे; तोच पुढे पंढरपूरला दोन्ही पाय जुळवून विटेवर उभा राहिला. इंग्रजांत मात्र विटेला काडीची प्रतिष्ठा नाही. 'थिक ॲज अ ब्रिक' म्हणजे विटेसारखा ठोंब्या, मठ्ठ, डोक्यात काही न शिरणारा. उत्तर इंग्लंडकडची ही बोली. पाच जणांपैकी चौघे तिकडच्या ब्लॅकपूलमधले जुने दोस्त, एकाच वृंदात वाजवत वाढलेले. त्यांतला एक जेफ्री हॅमंड-हॅमंड. त्याचं आडनाव हॅमंड आणि आईचं माहेरचं आडनावही हॅमंड, म्हणून गमतीनं त्यानं दोन्ही लावली. असा ग्राहक आमच्या शाखेत आला असता, तर केवायसी होईपर्यंत त्याचं तारुण्य संपलं असतं.

तर थापेचं मूळ असं. १९७१ साली यांची 'ॲक्वालंग' नावाची तबकडी निघाली. समीक्षक म्हणाले, वा, काय 'कन्सेप्ट आल्बम' आहे! कन्सेप्ट आल्बम म्हणजे सगळी गाणी एकाच सूत्रात ओवलेली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, त्यात छप्पन्न गाणी होती आणि सूत्र काय ते नावातच होतं. पण इंग्लंडात तेव्हा या प्रकाराची साथ आली होती. जो तो उठून विश्व, आत्मा, काळ आणि मृत्यू यांच्यावर तबकडी काढत होता. अँडरसन बिचारा सांगून थकला, की बाबांनो, 'ॲक्वालंग'मध्ये सूत्रबित्र काही नाही, सुटी सुटी गाणी आहेत. कोणी ऐकेना. सूत्र नाही म्हणतो, म्हणजे फारच खोल सूत्र असणार!

शेवटी तो म्हणाला, हवाय ना तुम्हाला कन्सेप्ट आल्बम? हा घ्या. सगळ्या कन्सेप्ट आल्बमांची आई. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. आणि त्या गाण्याचे शब्द कुणाचे? तर जेराल्ड बोस्टॉक या आठ वर्षांच्या मुलाचे, ज्याला गावात 'लिटल मिल्टन' म्हणतात. श्रेयनामावलीत रीतसर त्याचं नाव छापलं. जेराल्ड अर्थातच जन्मालाच आलेला नव्हता. लिहिणारा होता चोवीस वर्षांचा अँडरसन.

इथपर्यंतची थाप कुणालाही सुचेल. कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंत आम्हीही अशा चार सोडतो. फरक पुढे आहे. या माणसानं आपल्या थापेसाठी जे कष्ट घेतले, तेवढे लोक सत्यासाठीही घेत नाहीत. लंडनच्या बर्मंडसी भागात रोलिंग स्टोन्सच्या मालकीच्या तळघरात तालीम चालायची. अँडरसन भल्या पहाटे उठून त्या दिवसापुरतं संगीत रचायचा आणि दुपारी ते बाकीच्यांना शिकवायचा. दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. डिसेंबर १९७१ मध्ये मॉर्गन स्टुडिओत दोन आठवड्यांत ध्वनिमुद्रण आटोपलं. आणि कव्हरवरचं वर्तमानपत्र? त्याला गाण्यापेक्षा जास्त वेळ लागला! दोन-तीन जण बसून बातम्या लिहिताहेत, खोट्या गावाच्या खोट्या वधूवरांना शुभेच्छा देताहेत, कोडी रचताहेत. विनोदी लिहिणं म्हणजे सुचलं की खरडलं, असं समजणाऱ्या आमच्या काही हितचिंतकांना मी हे वर्तमानपत्र मुद्दाम दाखवतो. ते फोटो बघून परत देतात.

तबकडी वाजवायला घरात यंत्र नव्हतं. ते मेहुण्याकडून आणलं आणि एका दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असते त्या मुहूर्तावर, सुई ठेवली.

सुरुवात गिटारच्या नाजूक तारांनी. मग बासरी, मग आवाज. अगदी घरगुती, खिडकीत बसून स्वतःशी गावं तसा. गायक पहिल्याच वाक्यात ऐकणाऱ्याची रजा मंजूर करून टाकतो: नको असेल तर बस बाजूला, माझी हरकत नाही. हिला ते आवडलं. म्हणाली, "चांगलंय की. उगाच रॉक रॉक म्हणून घाबरवत होता." तीन मिनिटं झाली. भावगीत संपायची वेळ. आणि इथेच मंडळी पिसाळली. ऑर्गन धावत सुटला, ढोल त्याच्या मागे लागला, इलेक्ट्रिक गिटारनं दोघांना अडवायचा प्रयत्न केला आणि मध्येच ती बासरी फुरफुरत, फुत्कारत आली. ही पोळपाट उचलून आत गेली ती गेलीच.

(ही पहिली तीन मिनिटं तेवढी कापून पुढे त्यांच्या निवडक गाण्यांच्या तबकडीवर स्वतंत्र घातलेली आहेत. ज्यांना पोळपाट घेऊन बसायचंय त्यांनी तीच ऐकावी.)

मी ऐकत राहिलो. एक सूर येतो, जातो, दहा मिनिटांनी वेगळे कपडे घालून परत येतो आणि आपण म्हणतो, अरे, हा तर मघाचाच! आजोबांच्या मांडीवर बसून शिकलेल्या सवयीनं मी गुडघ्यावर ताल धरला होता. पण हे लोक सम येणार त्या ठिकाणी समेला आणतच नाहीत. तुम्ही हात आपटावा आणि ती अर्धी मात्रा आधीच निघून गेलेली असावी. साडेनऊच्या लोकलसारखी. कधी लष्करी बँड चालून येतो, कधी जत्रेतला पाळणा फिरतो. अँडरसन एकटाच बासरी, गिटार, व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवतो. दोन जण रजेवर गेल्यावर आमच्या शाखेत उरलेल्याची अशीच अवस्था होते, फक्त त्यातून संगीत निघत नाही.

बावीस-तेवीस मिनिटांनी बाजू संपते, गाणं संपत नाही. ते वाऱ्यासारखं घोंगावत विरतं, तुम्ही उठून तबकडी उलटी करायची आणि पुन्हा ते मागच्या पानावरून पुढे चालू. आणि शेवटी, सगळी पडझड झाल्यावर, तीच सुरुवातीची नाजूक गिटार आणि तेच घरगुती शब्द. चव्वेचाळीस मिनिटं झाली. मराठीत 'वीट' या शब्दाला दुसरा एक अर्थ आहे, तो सुदैवानं अँडरसनला ठाऊक नसावा. मला तो आला नाही. हिला आला, पण तिच्याकडे तो तयारच असतो.

मग मी त्या वर्तमानपत्राचं पहिलं पान नीट वाचलं. मुख्य बातमी जेराल्डचीच. या बाळाला कवितेसाठी बक्षीस जाहीर झालं होतं. कविता बीबीसीवर वाचून दाखवली गेली आणि निषेधाचा पाऊस पडला. परीक्षक पुन्हा बसले. चार बालमानसतज्ज्ञांनी मत दिलं की मुलाचं मन ठिकाणावर नाही. मग 'साहित्याची उन्नती आणि गर्भधारणा' करणाऱ्या त्या संस्थेनं (होय, नाव असंच आहे, आणि इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की आणखी वाईट होतं) बक्षीस काढून घेतलं आणि ख्रिस्ती नीतिमत्तेवर निबंध लिहिणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलीला देऊन टाकलं.

मोठमोठ्यानं हसत मी हे वाचून दाखवत होतो. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. ही दारात येऊन म्हणाली, "हळू वाचा जरा. आत ती ऐकतेय."

ती म्हणजे आमची मुलगी. तिचं प्रकरण ताजं होतं.

आमच्या भागातल्या एका मंडळानं गणेशोत्सवात बालकवींची स्पर्धा ठेवली होती. विषय 'माझे बाबा'. ही तेव्हा आठ वर्षांची. दार लावून घेऊन तिनं दोन दिवस पेन्सिल चावली आणि चार ओळी लिहिल्या.

माझे बाबा बँकेत असतात,
लोकांचे पैसे मोजत बसतात.
रात्री झोपेत बोटं हलतात,
आमचे पैसे स्वप्नात मोजतात.

मी ती प्रथम मांडवातच ऐकली. टाळ्या पडल्या. पुढे बसलेले दोन जण माझ्या बोटांकडे बघायला लागले. परीक्षकांनी आपसात डोकी जवळ आणली आणि मग त्यांतल्या ज्येष्ठांनी ध्वनिवर्धक हातात घेऊन, अगदी प्रेमानं, तिला विचारलं, "बाळ, बाबांनी लिहून दिली ना?"

ती म्हणाली, "नाही."

"खरं सांग हं. बाप्पा बघतोय."

बाप्पा बघत होता, पण परीक्षक मंडळावर नव्हता. शेवटची ओळ लहान मुलीला सुचणं शक्य नाही, असं ठरलं. बक्षीस एका पावसाच्या कवितेला मिळालं. तिच्यात 'पाऊस'ला 'नको जाऊस' हे यमक होतं आणि त्यामुळे ती बालसुलभ होती. दुसऱ्या दिवशी मी तिची वही घेऊन कार्यवाहांकडे गेलो. खाडाखोड दाखवली. 'स्वप्नात' हा शब्द तीनदा चुकवून चौथ्यांदा बरोबर लिहिलेला दाखवला. खोडरबरानं कागद फाटलेला दाखवला. कार्यवाह वही परत देत हसले. "साहेब, तुम्ही विनोदी लिहिता. हेही तुम्हीच केलं असेल."

यावर काय बोलणार? मी लिहिली असती तर शेवटच्या ओळीत स्वतःला असं चव्हाट्यावर मांडलं असतं का? ती ओळ ऐकल्यापासून दोन रात्री मी हात उशीखाली घालून झोपत होतो. पण हा युक्तिवाद कार्यवाहांपुढे करण्यासारखा नव्हता.

मुलगी रडली वगैरे नाही. तिनं वही कपाटात ठेवली आणि चित्रकलेच्या वर्गाला नाव घालायला सांगितलं. म्हणाली, "चित्र बरंय. तुम्हाला चित्र काढता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे." त्यानंतर सहा महिने घरात कवितेची ओळ नव्हती.

आणि इथे हा जेराल्ड. वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मला ही भानगड चटकन द्विनोंदी पद्धतीत दिसली. तिकडे मोठ्या माणसानं लिहिलं आणि जमा झालं लहान मुलाच्या खात्यावर. लोकांनी ते बिनतक्रार मान्य केलं. जेराल्ड खरा आहे असं कितीतरी जणांना वाटलं. इकडे लहान मुलीनं लिहिलं आणि जमा झालं मोठ्या माणसाच्या खात्यावर, तेही बिनतक्रार. एकाच रकमेची उलटसुलट नोंद. तिकडचा बाप पुस्तकात नव्हता, इकडची मुलगी पुस्तकात नाही. आम्ही बँकेत अशी रक्कम उचंत खात्यात टाकतो आणि मार्च अखेरपर्यंत तिच्याकडे बघत नाही.

बातमी ऐकून ती बाहेर आलीच. कागद उलटसुलट करून बघितला. शब्दकोडं बघितलं, ठिपके बघितले.

"त्याला बक्षीस परत मिळालं का?"

"अगं, तो खोटा मुलगा आहे. असा कुणी नाहीच."

"मग कविता कुणी लिहिली?"

"त्या बासरीवाल्यानं."

तिनं विचार केला. "म्हणजे मोठ्या माणसानं लिहिली, तर लहान मुलाची म्हणून चालली?"

"चालली म्हणजे काय, अमेरिकेच्या बिलबोर्डच्या यादीत ती तबकडी पहिली आली."

"आणि मग ती गंमत होती हे लोकांना कळलं का?"

हा प्रश्न मात्र नेमका होता. काहींना कळलं, काहींना नाही. आणि बहुतेकांना कळूनही फरक पडला नाही. कारण थट्टा करता करता या लोकांनी ज्याची थट्टा करायची तीच वस्तू, मूळ वस्तूवाल्यांपेक्षा सरस करून ठेवली होती. आज लोक त्या प्रकारच्या संगीतातल्या उत्तम तबकड्यांची यादी काढतात तेव्हा ही थट्टा हमखास वर असते. गंभीर लोकांच्या रांगेत, गंभीर चेहऱ्यानं. नकली नोट इतकी सुबक छापली की खजिन्यानंच ठेवून घेतली. खुद्द वाद्यवृंदानं मात्र गंमत सोडली नाही. कार्यक्रमात हे सबंध गाणं वाजवायचे तेव्हा सुरुवातीला टोप्या आणि लांब कोट घातलेले लोक रंगमंचावर येऊन केर काढायचे, प्रेक्षक मोजायचे. लोकांना वाटे कामगार आहेत. थोड्या वेळानं त्यांतलेच काही जण कोट काढून वाजवायला बसत. गाण्याच्या मध्येच रंगमंचावरचा टेलिफोन वाजे, अँडरसन गाणं थांबवून तो उचले.

पुढच्याच वर्षी, १९७३ साली, त्यांनी 'अ पॅशन प्ले' काढली. तीही दोन्ही बाजू मिळून एकच रचना, पण या खेपेला बऱ्याच अंशी मनापासून. माणूस मेल्यानंतर काय होतं वगैरे. समीक्षकांनी झोडपून काढलं. थट्टेला मानपत्र आणि गांभीर्याला जोडे. विनोदी लेखकानं ही हकिगत फ्रेम करून टेबलासमोर लावावी.

यातलं निम्मं मी मुलीला सांगितलं, निम्मं तिच्या आईनं मध्येच थांबवलं.

"मग तो मुलगा मोठेपणी काय झाला?" मुलीनं विचारलं. तो नाहीच, हे मघाशी सांगून झालं होतं. पण तिच्या दृष्टीनं ते प्रकरण वेगळं.

गंमत म्हणजे याचं उत्तर होतं. चाळीस वर्षांनी, २०१२ साली, अँडरसननं या तबकडीचा दुसरा भाग काढला. जेराल्ड आता पन्नाशीकडे आला असेल, तर त्याचं काय झालं असेल? एकच आयुष्य न देता त्यानं त्याला बरीच दिली. एका शक्यतेत तो सैनिक होतो, एकीत रस्त्यावर येतो, एकीत धर्मोपदेशक, एकीत कोपऱ्यावरचं दुकान चालवणारा साधा माणूस. जुन्या कागदी वर्तमानपत्राच्या जागी या वेळी संकेतस्थळ होतं. सेंट क्लीव्ह गावही सुधारलं.

"आणि एकीत," मी म्हटलं, "तो बँकेत लागतो."

"क्लार्क?"

"नाही गं. मोठा. लोकांच्या पैशांवर पैजा लावणारा, लोभी."

"म्हणजे त्याची बोटं जास्त हलत असतील," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्या बोटांकडे.

तो कागद मुलीनं मागून घेतला. वर्तमानपत्राची घडी कशी घालतात, पानं उलटसुलट कशी येतात, हे तिनं आठवडाभर तपासलं. चित्रकलेच्या वहीतले कागद कमी व्हायला लागले. ठिपके कसे काढायचे हे तिला मी विचारू दिलं नाही, कारण मला येत नव्हतं. दाराच्या फटीतून दिवा दिसायचा. आई म्हणायची, "दहा वाजले." आतून उत्तर यायचं, "शेवटचं पान लावतेय."

पुढच्या चौथ्या शनिवारी सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे चार पानी अंक आला. हाती लिहिलेला. पहिल्या पानावर माझं चित्र; चष्म्यावरून ओळखू येत होतं. खाली ठळक मथळा: 'बँकेतल्या बाबांचे बक्षीस रद्द'. बातमी अशी, की एका क्लार्कच्या विनोदी लेखाला मोठे बक्षीस मिळाले होते, परंतु तो लेख त्यांच्या मुलीने लिहून दिल्याचे परीक्षकांच्या लक्षात आले, कारण इतके चांगले मोठ्या माणसाला सुचणे शक्य नाही. मुलीने नाही म्हटले, पण कुणी ऐकले नाही. बाबांना चार डॉक्टरांनी तपासले. बोटे अजून हलतात, बाकी काही नाही. आतल्या पानावर शब्दकोडं होतं, आईच्या आमटीची जाहिरात होती आणि खालच्या कोपऱ्यात, चौकटीत, एक कविता. नवी. सहा ओळींची. कवीचं नाव दिलेलं नव्हतं. 'नाव कार्यालयात आहे' असं छापलं होतं.

अंकाची किंमत पाच रुपये. मी दहाची नोट दिली. सुटे नाहीत म्हणाली. पुढच्या अंकात वळते करून घेईल.